नव्या साथीचा माग: घडलं कधी आणि कळलं कधी

जमाखर्च

धंद्याने मी हिशेबनीस. वैद्यकातलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगतो.

२०२० च्या जानेवारीत मी एक एक्सेल शीट उघडली. चीनबाहेर तेव्हा कोविडचे मोजून तीन रुग्ण होते. तारीख, देश, एकूण रुग्ण, मृत्यू असे चार कॉलम, आणि रोज रात्री झोपायच्या आधी आकडे भरायचे. आठवडाभरात आलेख निघाला. भावाला रोज मेलने फाइल पाठवायचो, ऑफिसच्या ग्रुपवर चित्र टाकायचो. लोक मला विचारायला लागले, 'काय रे, आज किती?' कॉलर ताठ झाली होती, खोटं कशाला बोलू.

मग १३ फेब्रुवारी उजाडला. चीनच्या हुबेई प्रांताचा (वुहान त्यातलंच) एका दिवसाचा आकडा आला १४,८४०. त्याआधी रोज दीड-दोन हजारांच्या आसपास भर पडत होती. माझी रेघ भिंतीसारखी सरळ वर गेली. ग्रुपवर लिहून मोकळा झालो, 'गेलं हाताबाहेर'. दुसऱ्या दिवशी सावकाश वाचलं तेव्हा उलगडा झाला की त्यातले १३,३३२ जण त्या रात्रीत आजारी पडलेच नव्हते. तोवर पीसीआर पॉझिटिव्ह आला तरच रुग्ण धरत होते. त्या दिवसापासून हुबेईत डॉक्टरांनी लक्षणांवरून आणि छातीच्या सीटी स्कॅनवरून ठरवलेले रुग्णही धरायला लागले. मागची सगळी थकबाकी एकाच तारखेला जमा झाली होती.

इथवर माझी चूक माफ करता येईल. पुढची नाही. जुना आकडा सुधारून आला की मी त्याच सेलमध्ये नवा आकडा लिहायचो, मागचा पुसून. नोकरीत असं केलं असतं तर साहेबांनी दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. कीर्दीत खाडाखोड करायची नाही, चुकलं तर उलट नोंद टाकायची, हे मी स्वतः नव्या पोरांना शिकवतो. आणि बिलाला दोन तारखा असतात, बिलाची वेगळी आणि नोंदीची वेगळी. मार्चचं बिल मेमध्ये हातात पडलं म्हणून खर्च मेचा होत नाही. माझ्या शीटमध्ये तारीख एकच होती, बातमीची.

तर जाणकारांना विचारायचंय. उद्या एखादा नवाच आजार कुठे उपटला, तर पहिल्या महिन्याभरात नेमकं काय टिपायचं? शीट कशी आखायची?

पाणवठा

धागा आवडला. साथीच्या तपासाचं काम केलंय, त्याहून जास्त ओळख देत नाही.

तुमच्या शीटची एक ओळ म्हणजे एक दिवस. आमच्याकडे एक ओळ म्हणजे एक माणूस. तिला लाइन लिस्ट म्हणतात. वय, राहतो कुठे, काम काय, लक्षणं कधी सुरू झाली, दवाखान्यात कधी गेला, सॅम्पल कधी घेतलं, रिपोर्ट कधी आला, कुणाकुणाला भेटला, पुढे काय झालं. तुमच्या दोन तारखांच्या जागी आमच्या चार-पाच होतात. बातमीत येते ती सहसा शेवटची.

यातला सगळ्यात मोलाचा कॉलम लक्षणं सुरू झाल्याच्या तारखेचा, आणि भोंगळ म्हणाल तर तोही हाच. माणूस तापाने फणफणलेला असतो, विचारलं की म्हणतो 'झाले असतील चार-पाच दिवस'. चार की पाच? त्याला तारीख विचारून उपयोग नसतो. कामावर शेवटचं कधी गेलात? त्या दिवशी जिना चढताना दम लागला होता का? रात्री जेवलात का नीट? असं मागे मागे जात एक दिवस पकडायचा. बरेचजण ताप आला तो दिवस सांगतात, पण त्याआधी दोन दिवस अंग दुखतंय म्हणून गोळी घेऊन कामावर गेलेले असतात. ते दोन दिवस नोंदीत आले नाहीत तर त्या दोन दिवसांत भेटलेली माणसंही यादीत येत नाहीत.

एका तारखेने काय उलथापालथ होते त्याचं उदाहरण वुहानचंच आहे, आणि योगायोग बघा, तो रुग्णही हिशेबनीस होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात तो सगळ्यात आधीचा रुग्ण होता, लक्षणांची तारीख ८ डिसेंबर २०१९. सुरुवातीचे बरेच रुग्ण वुहानच्या मासळीबाजाराशी जोडलेले होते, याचा मात्र त्या बाजाराशी काही संबंध नव्हता, त्यामुळे त्याच्यावर बरीच चर्चा झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सायन्स नियतकालिकात विषाणूंच्या उत्क्रांतीचे अभ्यासक मायकेल वोरोबे यांनी दाखवलं की ८ तारखेला त्याचं दुखणं दाताचं होतं! तापाची तारीख १६ डिसेंबर. मग माहीत असलेली सगळ्यात आधीची रुग्ण ठरली त्याच बाजारात मासळी विकणारी एक बाई, तारीख ११ डिसेंबर. एका माणसाचा दात दुखला आणि क्रम बदलला.

उंटावरचा

आला का बाजार! आता प्रयोगशाळा पण येऊ द्या. 😄

पाणवठा

उगमाच्या वादाला वेगळा धागा काढा, तिथे येते. इथे तारखांबद्दल बोलू.

मूक वाचक

पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या. लक्षणांच्या तारखेने आलेख काढला तर तो शेवटी नेहमी खाली उतरलेला का दिसतो? २०२० मध्ये असे आलेख बघून दर आठवड्याला मला वाटायचं की ओसरली साथ.

पाणवठा

फार चांगला प्रश्न, आणि यात भले भले फसलेत. आज ज्याला ताप आला तो आज तुमच्या यादीत नसतो. तो दोन दिवस अंगावर काढणार, तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जाणार, चौथ्या दिवशी सॅम्पल, सहाव्या दिवशी रिपोर्ट. म्हणजे गेल्या आठवड्याच्या खांबांत अजून भर पडायची आहे. आज जो खांब १२ चा दिसतोय तो पुढच्या आठवड्यात ४० चा होऊ शकतो. म्हणून शेवटचे सात-आठ दिवस आलेखात फिक्या रंगात दाखवायची पद्धत आहे. तो भाग बघून मत बनवायचं नाही.

जमाखर्च यांनी जुने आकडे पुसले नसते तर त्यांना हा उशीर मोजता आला असता. सोमवारच्या प्रतीत २० तारखेचे रुग्ण किती, पुढच्या सोमवारच्या प्रतीत त्याच २० तारखेचे किती? दोन-तीन आठवडे हे टिपलं की आजचा अपुरा खांब साधारण कितीने वाढवून वाचायचा याचा अंदाज येतो. बाकी सगळं सोडून द्या, पण रोजची प्रत वेगळी ठेवा.

जमाखर्च

हे वाचून पोटात दुखलं. 🙂

रात्रपाळी

प्रयोगशाळेच्या बाजूने दोन गोष्टी.

नव्या आजाराला सुरुवातीला चाचणीच नसते. नेहमीचे विषाणू तपासायचे, सगळे निगेटिव्ह, आणि रुग्ण तर खालावतोय. अशी दोन-तीन सॅम्पल एकाच वॉर्डातून आली की टेबलावर कुजबुज सुरू होते. वुहानच्या विषाणूचा जनुकीय क्रम ११ जानेवारी २०२० ला जगासमोर आला आणि तिथून काही दिवसांत अनेक देशांत पीसीआर तयार झाली. त्याआधी जो 'रुग्ण' होता तो लक्षणांवरून ठरलेला होता. म्हणजे एकाच महिन्यात 'रुग्ण' या शब्दाचा अर्थ दोनदा-तीनदा बदलतो. म्हणून संशयित, संभाव्य आणि निश्चित हे तीन कॉलम वेगळे ठेवा, एकत्र बेरीज मारू नका. आणि व्याख्येत जागेचं नाव आलं तर जास्तच सावध. वुहानच्या सुरुवातीच्या निकषांत बाजाराशी संबंध हीही एक अट होती. जिथे शोधायचं ठरवलं तिथेच सापडणार ना?

दुसरं, मशीनची मर्यादा. पीसीआरच्या प्लेटला ९६ खाचा. त्यातल्या काही कंट्रोलच्या (चाचणी नीट चालतेय ना हे बघायच्या) जातात, उरल्या नव्वदएक. दिवसात तीन प्लेटा चालवल्या तर पावणेतीनशे सॅम्पल. पुरवठा तेवढाच असेल तर बाहेर साथ दुप्पट झाली तरी माझ्याकडून तेवढेच रिपोर्ट बाहेर पडणार. बातमी येते 'रुग्णसंख्या स्थिरावली'. स्थिरावले होते माझे हात! रुग्णांबरोबर त्या दिवशी चाचण्या किती झाल्या तेही लिहा. शंभर चाचण्यांत ५ पॉझिटिव्ह होते ते २५ झाले, तर रुग्णसंख्या सपाट असली तरी साथ पसरतेय.

एकदा आमच्याकडे जोडून सुट्ट्या आल्या आणि सॅम्पलचा एक अख्खा रॅक फ्रीजमध्ये तसाच राहिला. कुणी म्हणालं दुसऱ्या पाळीने घेतला असेल, दुसऱ्या पाळीला वाटलं आम्ही घेतला. मंगळवारी सगळे एकदम लावले. बुधवारी वरून फोन, 'तुमच्या भागात एकदम उद्रेक कसा झाला?' उद्रेक आमच्या फ्रीजमध्ये झाला होता. तेव्हापासून मला सोमवार-मंगळवारच्या उसळ्या बघून घाम फुटत नाही.

त्रैराशिक

रात्रपाळी, 'स्थिरावले होते माझे हात' हे फ्रेम करून लावायला हवं.

आता थोडं गणित. आतला आकडा कळत नसेल तर बाहेरून मोजता येतं, आणि त्यासाठी शाळेतलं त्रैराशिक पुरतं. १७ जानेवारी २०२० ला लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाने हेच केलं. वुहानचा अधिकृत आकडा तेव्हा चाळीसच्या घरात होता. पण चीनबाहेर तीन रुग्ण सापडले होते, थायलंडमध्ये दोन आणि जपानमध्ये एक.

वुहानच्या विमानतळावर अवलंबून लोकसंख्या धरली १ कोटी ९० लाख. तिथून परदेशी जाणारे प्रवासी रोज सरासरी ३,३०१. लागण झाल्यापासून रुग्ण सापडेपर्यंत साधारण १० दिवस. म्हणजे एखादा लागण झालेला माणूस त्या १० दिवसांत परदेशी जायची शक्यता ३३,०१० भागिले १ कोटी ९० लाख, साधारण ५७५ मध्ये एक. बाहेर एक सापडला तर आत ५७५ असणार. तीन सापडले, म्हणजे सतराशेच्या पुढे. त्यांनी छापलेला आकडा होता १,७२३.

चाळीस कुठे आणि सतराशे कुठे!

मला या अहवालात खरं आवडलं ते आकड्याशेजारचं कंसातलं: ४२७ ते ४,४७१. तीन रुग्णांवर बांधलेला इमला एवढाच डळमळीत असणार, आणि ते त्यांनी लपवलं नाही. पण खालचं टोक धरलं तरी चाळीसच्या दसपट. त्या दिवशी निर्णय घ्यायला तेवढं पुरेसं होतं.

उंटावरचा

गणितवाले नेहमी असंच घाबरवतात. २०१४ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने इबोलाचे जानेवारीपर्यंत १४ लाख रुग्ण होतील म्हणून सांगितलं होतं. शेवटी सगळे मिळून किती झाले? २८ हजार सहाशेच्या आसपास. आणि गुगल फ्लू ट्रेंड्स आठवतं का? लोक काय सर्च करतात त्यावरून फ्लू ओळखणार होते. २००८ ला वाजतगाजत सुरू, २०१२-१३ च्या हंगामात खऱ्याच्या जवळपास दुप्पट आकडा, २०१५ ला गाशा गुंडाळला. आता बोला.

त्रैराशिक

गुगलचं शंभर टक्के मान्य. बातमी वाचून निरोगी माणूसही 'तापाची लक्षणं' सर्च करतो. त्यातून भीती मोजली जाते, ताप नाही.

इबोलाचं मात्र अर्धंच सांगितलंत. तो आकडा फक्त लायबेरिया आणि सिएरा लिओनचा होता, न नोंदलेले रुग्ण हिशेबात धरून, आणि 'आहे असंच चालू राहिलं तर' या अटीवर. तसंच चालू राहिलं नाही. अंत्यविधीची पद्धत बदलली, उपचार केंद्रं उभी राहिली, लोक स्वतः सावध झाले. ब्रेक दाबला म्हणून गाडी दरीत गेली नाही, त्यावर 'दरी नव्हतीच' कसं म्हणणार? पण एवढं तुमचं खरं की तो आकडा मथळ्यात आला तेव्हा ती अट गळून पडली होती, आणि हे दर वेळी होतं.

अवांतर, पण राहवत नाही. साथीच्या गणितातलं सगळ्यात गाजलेलं समीकरण १९२७ चं, केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांचं. आजची बहुतेक मॉडेलं त्याच्याच लेकी-सुना. त्यांनी ते पडताळलं कशावर? मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंवर, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६. टिंबं आणि रेघ अशी जुळलीत की बघत राहावं. केरमॅक तेव्हा अंध होते, १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात दृष्टी गेली होती. आणि गंमत म्हणजे समीकरण माणसाकडून माणसाला होणाऱ्या आजाराचं, तर तो प्लेग उंदरांच्या पिसवांमधून येणारा. रेघ जुळली म्हणजे कारण कळलं असं समजू नये, हे त्या पहिल्याच आलेखात लिहून ठेवलंय.

जमाखर्च

मृत्युदराबद्दल कुणी सांगाल का? मी रोज मृत्यू भागिले रुग्ण करायचो. कधी दोन टक्के, कधी तीन. तो भागाकार बरोबर की चूक?

पाणवठा

साथ चालू असताना चूक, आणि दोन्ही बाजूंनी चूक.

एक बाजू अशी. समजा रुग्ण दर ५ दिवसांनी दुप्पट होतायत आणि आजारी पडल्यापासून मृत्यूपर्यंत १५ दिवस जातात. आज ८०० रुग्ण असतील तर १५ दिवसांपूर्वी १०० होते. आजवरचे मृत्यू त्या शंभरांतले. आजार खरोखर ८ टक्के मारणारा असेल तर मृत्यू ८. तुम्ही ८ ला ८०० ने भागणार आणि म्हणणार, एक टक्का! २००३ च्या सार्स या श्वसनाच्या आजाराच्या साथीत हेच झालं. सुरुवातीला ४ टक्क्यांच्या आसपास वाटत होता. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने अंदाज १४-१५ टक्क्यांवर नेला. शेवटी जवळपास ८,१०० रुग्णांत ७७४ मृत्यू, म्हणजे साडेनऊ टक्क्यांच्या वर. आजार बदलला नव्हता. आधी भागाकारात असे लोक होते ज्यांचा निकाल लागायचा होता.

दुसरी बाजू बरोबर उलटी. सुरुवातीला दिसतात ते फक्त दवाखान्यात भरती झालेले. वुहानच्या पहिल्या ४१ रुग्णांवरचा लेख लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने जानेवारी २०२० मध्येच छापला, त्यात ६ मृत्यू. १५ टक्के! पण घरी दोन दिवस खोकून बरे झालेले त्या ४१ मध्ये असणारच कसे? म्हणून बंदिस्त जागी झालेली साथ अभ्यासाला बरी पडते, कारण तिथे सगळ्यांना तपासता येतं. जपानच्या किनाऱ्याला अडवून ठेवलेल्या डायमंड प्रिन्सेस या प्रवासी जहाजावर ३,७११ माणसं होती, सातशेच्या वर पॉझिटिव्ह निघाली, आणि चाचणीच्या वेळी त्यातल्या जवळपास निम्म्यांना काहीही होत नव्हतं. हे कुठल्याही शहराच्या आकड्यांवरून एवढ्या लवकर दिसलं नसतं. (तिथे वयस्क प्रवासी जास्त, त्यामुळे मृत्युदर मात्र तसाच्या तसा उचलू नका.)

गोठा

जनावरांचा डॉक्टर आहे. माणसांच्या लाइन लिस्टच्या आधी एक लाइन लिस्ट असते, ती कुणी ठेवत नाही.

१९९९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये कावळे पटापट मरत होते. ऑगस्टमध्ये क्वीन्स भागातल्या एका रुग्णालयात मेंदूज्वराचे वयस्क रुग्ण आले, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोनच रुग्णांवर आरोग्य खात्याला फोन केला. निदान झालं सेंट लुइस एन्सेफलायटिस, म्हणजे डासांमुळे पसरणारा एक मेंदूज्वर. डासांवर फवारणीही सुरू झाली. पण ब्राँक्सच्या प्राणिसंग्रहालयातल्या पशुरोगतज्ज्ञ ट्रेसी मॅकनमारा यांना ते पटेना. सेंट लुइसने पक्षी असे मरत नाहीत. घोड्यांचा मेंदूज्वर म्हणावा तर त्याने एमू (शहामृगासारखे पक्षी) आधी मरायला हवेत, आणि त्यांचे एमू ठणठणीत होते! त्यांनी नमुने पाठवत पिच्छा पुरवला. सप्टेंबर संपता संपता कळलं की तो वेस्ट नाइल विषाणू, त्या खंडात तोवर कधीच न सापडलेला. माणसांचं खातं वेगळं, जनावरांचं वेगळं, आणि मध्ये कागद हलत नव्हता.

१९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलातही आधी माकडं मेली, मग माणसं तापली. त्या रोगाला जंगलाचंच नाव मिळालं. शीट आखताना एक कॉलम आमच्यासाठीही ठेवा राव.

मूक वाचक

ठणठणीत एमू! काय मरत नाहीये हेही बघायचं असतं, हे कधी सुचलंच नसतं. अजून एक विचारते, 'पेशंट झीरो' म्हणजे पहिला रुग्ण ना?

पाणवठा

तो शब्दच एका गैरवाचनातून रुळला. १९८४ च्या एड्सवरच्या एका अभ्यासात एका रुग्णाला ओ हे इंग्रजी अक्षर दिलं होतं, अर्थ 'कॅलिफोर्नियाबाहेरचा'. पुढे लोकांनी ते शून्य वाचलं आणि त्या माणसाच्या माथी अख्ख्या देशातली साथ मारली. २०१६ मध्ये जुन्या रक्तनमुन्यांच्या जनुकीय तपासणीने दाखवलं की विषाणू त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे होता. आम्ही दोन शब्द वापरतो. आपल्या नजरेस पडलेला पहिला तो इंडेक्स केस, आणि खरोखर पहिला तो प्रायमरी. दोघे एकच असतीलच असं नाही, बहुतेकदा नसतात.

२०१८ मध्ये केरळात कोळिकोडला निपाह विषाणू ओळखला गेला तो एकाच घरातला दुसरा माणूस तशाच लक्षणांनी आल्यावर. पहिला तोवर गेला होता. दुसऱ्या रुग्णाच्या वेळी डॉक्टर थबकले, नमुने गेले, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने शिक्कामोर्तब केलं. मग उलट्या दिशेने माग काढल्यावर दिसलं की लागण मोठ्या प्रमाणात रुग्णालयांतच झाली होती.

हा उलटा माग फार कामाचा. पुढचा माग म्हणजे या रुग्णाने कुणाला दिला. उलटा म्हणजे याला कुठून आला, आणि तिथे त्या दिवशी अजून कोण होतं. सार्समध्ये हनोई, टोरोंटो, सिंगापूर इथले सुरुवातीचे रुग्ण मागे नेत गेलं तर सगळे वाट वाकडी करून हाँगकाँगच्या एकाच हॉटेलात जातात, एकाच नवव्या मजल्यावर. २१ फेब्रुवारी २००३ ला तिथे ग्वांगडाँगहून आलेले एक आजारी डॉक्टर एक रात्र राहिले होते. सार्सच्या बहुतेक रुग्णांनी पुढे कुणालाच लागण दिली नाही, थोड्यांनी खूप जणांना दिली. अशा आजारात 'एक रुग्ण सरासरी तिघांना देतो' हे वाक्य ऐकायला सुटसुटीत, पण सरासरी माणूस त्या हॉटेलात नव्हताच.

रात्रपाळी

उलट्या मागाला आता जनुकांची साथ आहे. कोविडच्या विषाणूत महिन्याला साधारण दोन बदल व्हायचे. दोन नमुन्यांत बदलांचा फरक किती, यावरून ते एकमेकांच्या किती जवळचे ते ठरतं. माणूस विसरतो, लपवतो. विषाणूला ते जमत नाही.

आणि सांडपाणी! इस्राएलमध्ये २०१३ ला सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला, एकालाही लकवा झालेला नसताना. रुग्ण शून्य, तरी साथ चालू. तुमच्या चार कॉलमांत ती कुठे लिहिणार होता, जमाखर्च?

उंटावरचा

एवढं सगळं करून भलतंच निघतं त्याचं काय? २०२४ च्या शेवटी काँगोत 'डिसीज एक्स', म्हणजे अनोळखी आजार, म्हणून गाजावाजा. ४०६ रुग्ण, ३१ मृत्यू, जगभर मथळे. शेवटी काय? मलेरिया, श्वसनाचे नेहमीचेच विषाणू आणि कुपोषण.

पाणवठा

पान्झी भाग. आकडे बरोबर आहेत. बहुतेक लहान मुलं, त्यांत कुपोषित बरीच. गाव राजधानीपासून कित्येक मैल आत, पावसाने रस्ता गेलेला, तपासणीची सोय नाही, म्हणून उत्तराला वेळ लागला. यात मला हसू येण्यासारखं काही दिसत नाही. कुणीतरी मोजत होतं म्हणून ती ३१ मुलंमाणसं कागदावर तरी आली. बरेचसे इशारे असे नेहमीच्याच आजारावर येऊन थांबतात, आणि तपासाचं काम तिथे संपत नाही. मलेरियाने एवढी का मेली, हा पुढचा प्रश्न असतो.

३० डिसेंबर २०१९ च्या रात्री प्रोमेडवर (साथींच्या खबरा देणारी इंटरनेटवरची सेवा) वुहानच्या अज्ञात न्यूमोनियाचं टिपण आलं, तेही तेव्हा अशीच एक अफवा वाटण्यासारखं होतं. २००३ च्या फेब्रुवारीत सार्सची सुरुवातीची कुणकुण तिथेच लागली होती, ग्वांगझूत लोक मरतायत असं ऐकलं, कुणाला काही माहिती आहे का, एवढीच विचारणा.

उंटावरचा

ठीक. मुलांबद्दलचं मागे घेतो.

जमाखर्च

सगळ्यांचे प्रतिसाद प्रिंट काढून बसलोय. नवी शीट आखली. प्रत्येक आकड्याला आता दोन तारखा, कशाची आणि कळली कधी. संशयित, संभाव्य, निश्चित वेगळे. त्या दिवशीच्या चाचण्या. व्याख्या बदलली तर एक आडवी लाल रेघ आणि शेजारी शेरा. गोठा, तुमचा कॉलम शेवटचा ठेवलाय, सध्या रिकामा. पुसणं बंद, सेल लॉक केले.

आणि एक सांगायचं राहिलं. भावाला रोज मेलने फाइल पाठवायचो म्हणालो होतो ना? काल रात्री त्याला फोन केला. तो माझ्या मेल वाचत नसे, पण डिलीटही करत नसे. त्याच्या इनबॉक्समध्ये २६ जानेवारीपासून ४ मार्चपर्यंतच्या छत्तीस प्रती आहेत, मध्ये तीन दिवस नाहीत, तेव्हा मी तापाने झोपून होतो (साधा होता बहुतेक).

पहिल्या पंधरा उघडल्या. ७ फेब्रुवारीच्या प्रतीत जपानचे रुग्ण जास्त आहेत आणि ८ च्या प्रतीत कमी. मी डोकं खाजवत बसलो, रुग्ण कमी कसे होतील? मग लक्षात आलं. जहाज आधी जपानमध्ये धरलं होतं, दुसऱ्या दिवशी वेगळी ओळ केली, आणि शेरा लिहिला नाही.

रात्रपाळी

बाकीच्या एकवीस उघडल्यात की १३ फेब्रुवारीच्या आधीची आणि नंतरची शेजारी शेजारी लावून इथे टाका. ती भिंत बघायची आहे.

जमाखर्च

टाकतो. आधी भावाला मधले तीन दिवस नक्की कुठले ते विचारतो, मला आठवत नाहीयेत.